बसल्या जागेचं काम

१४ नोव्हेंबर १९९७

आज दवाखान्यात डॉक्टर पेत्राकेबाईंनी पोट तपासले आणि म्हणाल्या, "तिसरा महिना सरला." मग माझ्याकडे निरखून पाहत विचारले, "रडताय का?" मी रडत नव्हते. मोजत होते. पहिले नवव्या आठवड्यात गेले, दुसरे अकराव्यात. हा चौदावा आहे.

म्हणून आज ही वही उघडली. आधीच लिहायला घेतले तर दृष्ट लागते म्हणतात. असले मी मानत नाही, पण वही मात्र उघडली नव्हती.

बाईंनी एक छापील कागद दिला. मूल पोटात असताना किंवा जन्मताना का दगावते, त्याची कारणे. माझ्या आईवडिलांनी जन्मभर मेंढ्या राखल्या. आई अजून सहीच्या जागी फुली मारते. घराण्यात बारावीपर्यंत शिकलेली मी पहिली, तेव्हा अशा कागदाचा उपयोग मी नाही करायचा तर कोणी? प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने उत्तर लिहिले. वय पस्तिसाच्या वर: नाही, तेवीस. तंबाखू: नाही. दारू: नवऱ्याच्या, म्हणजे सांदूच्या, मावसभावाच्या लग्नात एक घोट, तेव्हा दिवस गेल्याचे माहीत नव्हते. आधीचे गर्भपात: दोन. जड उचलणे: हो, मातीचे गोळे आणि भांड्यांच्या फळ्या. न तापवलेले दूध: माहेरी प्यायचे, आता नाही. विषारी पदार्थांशी संबंध येणारे काम: नाही.

दवाखान्याच्या नोंदवहीसाठीही बाईंनी विचारले होते, "व्यवसाय?" मी म्हटले, "गृहिणी." खरे तेच. कुंभार म्हणजे माझे सासरे आणि नवरा. आम्ही बायका हाताखाली लागेल ते करतो, त्याला कोणी व्यवसाय म्हणत नाही.

१६ नोव्हेंबर

कागद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या पिंपात कोबीचे गड्डे रचत होत्या, वर मिठाचे पाणी ओतत होत्या. शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "यात डोहाळ्यांचं काहीच नाही."

"डोहाळे हे कारण नसतं, आई."

"सगळ्यात मोठं कारण तेच. पोटुशीला काही खावंसं वाटलं आणि मिळालं नाही, की मूल टिकत नाही. तुझ्या डॉक्टरीणबाई शहरातल्या, त्यांना कोण सांगणार? पण जड उचलू नये हे बरोबर लिहिलंय." आणि तिथूनच अंगणातल्या सासऱ्यांना ओरडल्या, "मार्कू, ऐकतोस का रे? उद्यापासून दोम्निका माती तुडवणार नाही. फळ्याही उचलणार नाही. भुकटी चाळेल."

"राणी करून बसव तिला," सासरे तिकडून म्हणाले.

"बसवीन. तू नाही कधी मला बसवलंस!"

भुकटी म्हणजे भांड्यांना चकाकी आणणारी. शेंदरासारखी लाल, पिठाहून बारीक, आणि मूठभर उचलली तरी हाताला जड. ती चाळून पाण्यात कालवतात, त्यात भांडी बुडवून भट्टीत घालतात. हे काम नेहमी बायकांचे. कामाच्या खोलीत थंडी म्हणून मला स्वयंपाकघरात चुलीजवळ जागा करून दिली. सासूबाईंनी पाठीला टेकायला स्वतःची उशी आणली. "बसल्या जागेचं काम आहे, पोरी. घाई नाही."

लग्नाला तीन वर्षे झाली. माझ्या पाठीचा विचार आजवर कोणी केला नव्हता.

६ डिसेंबर

सकाळी पोटात काही ठरत नाही. काल सहज बोलून गेले की पिंपातले आंबट पाणी प्यावेसे वाटते. सासूबाई हातातले पीठ तसेच टाकून उठल्या.

आता त्या रोज संध्याकाळी त्यांच्या स्वतःच्या लग्नातला, मासा रंगवलेला मातीचा चकचकीत जग भरून माझ्या खिडकीत ठेवतात. सकाळी उठल्या उठल्या मी ते पाणी पिते आणि मळमळ खरेच थांबते. पाणी इतके आंबट, पण तळाचा घोट किंचित गोड लागतो. सासूबाई म्हणाल्या, "जुन्या भांड्याची चवच वेगळी. माझ्या सासूनं मलाही यातच दिलं होतं."

जास्त मीठ नको, असे कागदावर आहे. म्हणून एकच जग, त्याहून जास्त नाही. रोज इथे नोंद करीन.

११ जानेवारी १९९८

हालले! दुपारी चाळत असताना, आधी वाटले पोटात वारा असेल. मग पुन्हा. चाळणी खाली ठेवून तशीच बसून राहिले. सांदू आत आला तर त्याला हात लावायला सांगितले. त्याच्या हाताला ओली माती होती, तो म्हणाला, "थांब, धुऊन येतो." तो येईपर्यंत हालणे थांबले. माती लागली असती तर काय झाले असते!

एक जग प्यायले.

३० जानेवारी

बाई म्हणतात रक्त कमी आहे. लोहाच्या गोळ्या दिल्या. डोके दुखते, पोटात पीळ पडतो, तोंडात सारखी नाण्यासारखी चव. विचारले तर म्हणाल्या, गरोदरपणात होते असे. नाताळात मी दोन कप कॉफी प्यायले होते, ते त्यांना सांगून टाकले. त्या हसल्या. "दोन कपांनी काही होत नाही हो." पण कागदावर कॉफी आहे.

सासूबाईंपुढे रक्ताचे बोलले. त्यांनी जगातल्या पाण्यात बिटाच्या फोडी घातल्या. पाणी लालभडक झाले. एक जग.

९ मार्च

आज चाळीस हुतात्म्यांचा सण. सासूबाईंनी आठच्या आकड्यासारख्या गोड पोळ्या केल्या, वर मध आणि अक्रोड. सांदूची धाकटी बहीण आनिका पलीकडच्या गल्लीतून आली ती थेट पिठाच्या परातीत हात घालतच.

"वहिनी, मलाही हवी पाठीला उशी," ती म्हणाली.

सासूबाईंनी वळून पाहिले. "किती झाले?"

"पाच आठवडे. अजून कुणाला सांगायचं नाही. तुझ्या शेजारणीला तर नाहीच."

"रुक्सांदाला? तिला माझ्याआधी कळलं असेल." सासूबाईंनी तिच्या कपाळाची पापी घेतली आणि स्टूल ओढून माझ्या शेजारी ठेवले. दुपारभर आम्ही दोघी चाळत बसलो. आनिका पोळी खाते, बोटे चाटते, पुन्हा चाळणी धरते. तिने सांगितले की मुलगी झाली तर नाव फार जुनाट ठेवणार नाही. मी म्हटले, नाव आधी उच्चारू नये. "तू तर कागदावरचं मानणारी, तूही हे मानतेस?" मी नाव मनात ठरवले आहे. इथेही लिहिलेले नाही.

उपवासाचे दिवस चालू आहेत. फादरांनी मला सूट दिली, म्हणून काल अंडे खाल्ले. खरे तर अशक्तपणा नव्हता, नुसते खावेसे वाटले होते. याचा हिशोब कुठे होईल?

२६ मार्च

सकाळपासून हालले नाही. जग प्यायले, थंड पाण्याने ते हालते. नाही हालले. डाव्या कुशीवर निजले. सासूबाईंनी पोटाला कान लावला. "झोपलंय," म्हणाल्या, पण माझ्याकडे पाहिले नाही.

२ एप्रिल

मुलगी होती. केस होते.

८ एप्रिल

मोठ्या इस्पितळातून परवा घरी आले. तिथल्या कागदावर लिहिले आहे: कारण अज्ञात.

अज्ञात कसे असेल? मी सगळे लिहून ठेवले आहे. वही पहिल्यापासून पाहिली. कॉफी दोन कप. लग्नातला एक घोट. अंडे. फेब्रुवारीत एकदा बादली उचलली, अर्धी होती. आनिकाने पोटाची बातमी सांगितली तेव्हा मला क्षणभर बरे वाटले नव्हते, ते मी लिहिलेले नव्हते. आज लिहिते.

रुक्सांदामावशी अंडी घेऊन भेटायला आली. बाहेर अंगणात सासूबाईंना म्हणत होती, "शिकलेल्या पोरींचा देह असाच, तुदोरा. सगळी ताकद डोक्यात जाते."

"तुझी पोरगी चौथीत दोनदा बसली," सासूबाई म्हणाल्या, "तिला किती झाली गं?"

मुलीचा बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणून फादरांनी प्रार्थना म्हटली नाही. सांदू आणि सासऱ्यांनी तिला स्मशानाच्या कुंपणापलीकडे नेले. मी कुठे ते विचारले, तर सासूबाई म्हणाल्या, "काळजी करू नकोस. ती एकटी नाही तिथे. माझी चार आहेत."

तीन वर्षे एका घरात राहून मला हे माहीत नव्हते.

२८ एप्रिल

डॉक्टरबाई आज न कळवता घरी आल्या. मी चुलीजवळ होते. उठायला गेले तर त्या दारातच थांबलेल्या.

"काय करताय?"

"काही नाही. बसलेय."

"हातात काय आहे?"

"चाळणी. भांड्यांची भुकटी. हे काम नव्हे बाई, मला अजून जड काही करू देत नाहीत."

त्या आत आल्याच नाहीत. दोन पावले मागे जाऊन मला अंगणात बोलावले आणि हात धुवायला लावले, कोपरापर्यंत, दोनदा. मग विचारत गेल्या. केव्हापासून? रोज? कुठे बसून? जेवता कशात? मी म्हटले, सगळे लिहिलेले आहे, आणि ही वही आणून दिली. देताना अभिमान वाटला, हे कबूल करते. माझ्यासारखी पेशंट त्यांना दुसरी मिळाली नसेल.

त्यांनी बाकावर बसून वाचली. पाने उलटताना त्यांचे बोट एकाच शब्दाशी थांबत होते.

"हा जग दाखवा."

पाहून त्यांनी तो जमिनीवर ठेवला. "मी नोव्हेंबरात तुम्हाला व्यवसाय विचारला होता. तुम्ही गृहिणी म्हणालात. मी या कुंभारांच्या गावात चार वर्षं आहे आणि मीही तेच लिहून घेतलं." त्यांनी माझे रक्त घेतले. सासूबाईंचेही.

१९ मे

रक्तात शिसे आहे. असावे त्याच्या अनेक पट. सासूबाईंच्या रक्तात माझ्याहून जास्त.

बाईंनी नीट समजावले. भुकटी म्हणजेच शिसे. चाळताना उडते, श्वासातून आणि बोटांवरून पोटात जाते. भट्टीत ते काचेसारखे होते खरे, पण आंबट पदार्थ रात्रभर राहिला की भांड्यातून सुटून त्यात उतरते. आईच्या रक्तातून बाळाकडे जाते. "खात्रीनं हेच कारण, असं मी म्हणू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण तुमचं पहिलं, दुसरं आणि हे, तिन्ही मिळून मी दुसरं काही शोधणार नाही."

माझ्या कागदावरची ओळ पाहिली. विषारी पदार्थांशी संबंध येणारे काम: नाही. माझेच अक्षर, सुबक.

सांदूला सांगितले. तो नखांतली माती काढत राहिला. मग म्हणाला, "आईला सांगू नकोस."

"का?"

"जग तिनं भरला ना."

२४ मे

आनिकाला गाठले. तिला चौथा महिना आहे आणि घरी ती रोज चाळते, तिच्या सासरीही भट्टी आहे. शिसे, रक्त, सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले, मग माझा हात धरला. "वहिनी, तुझं दुःख मला कळतं. पण आम्ही सगळी याच धुळीत वाढलो. मी, सांदू, आई."

"आईची चार गेली, आनिका."

"ती देवानं नेली. आईच म्हणते." आणि हसून माझे डोळे पुसत म्हणाली, "आईनं सांगितलं चाळू नकोस, तर नाही चाळणार. डॉक्टरीणबाईंचं ऐकून सासूला काय सांगू, मला राणी करा म्हणून?"

म्हणजे आईंनीच सांगायला हवे. म्हणजे मला आईंना सांगावे लागेल. पाच दिवस तोंड उघडले नाही. सांदूने नको म्हटले, हे एक कारण. दुसरे असे की त्या अजूनही माझ्या पाठीला उशी ठेवतात.

३ जून

सांगितले.

त्या शेंगा सोलत होत्या. मी पहिल्यापासून सांगितले: भुकटी, चाळणी, आंबट पाणी. जग म्हणाले नाही, भांडे म्हणाले. त्या सोलतच राहिल्या. शेंगा संपल्यावर रिकाम्या सालींतून बोटे फिरवत बसल्या.

"मी उशी आणून दिली," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत नव्हतं, आई. मला वाचता येतं, मलाही नव्हतं."

"आणि माझी चार?"

मी म्हटले, डॉक्टरांनाही सांगता येणार नाही, इतकी वर्षे झाली.

"तुला काय वाटतं ते विचारतेय. तू खोटं बोलत नाहीस, म्हणून विचारतेय."

मी सालींची परात माझ्याकडे ओढली. त्यांनी मान हलवली, जणू मी उत्तर दिले. मग एप्रनला बोटे पुसून म्हणाल्या, "आनिकाला निरोप पाठव. शनिवारी लवकर ये म्हणावं."

६ जून

मृतांचा शनिवार. आज प्रत्येक घर आपल्या मेलेल्यांच्या नावाने नवे मातीचे भांडे भरून शेजाऱ्यापाजाऱ्यांना देते. घेणारा म्हणतो, देव त्यांना क्षमा करो. आमच्या गावची निम्मी भांडी याच दिवसासाठी घडतात. सासऱ्यांनी महिनाभर मातीचे मग घडवले होते, हिरवे, काठाला थेंब काढलेले, आणि ते ओळीने मांडून ठेवले होते.

सासूबाई काल एकट्याच बसने बाजाराच्या गावी गेल्या होत्या. सकाळी त्यांनी फाटकाशी टेबल लावले आणि त्यावर पिशवीतून पत्र्याचे पांढरे मग काढले. दुकानातले. आजेसासू, आजेसासरे, चुलतसासरे, सगळ्यांच्या नावाने त्यांतच दूधभात भरला.

सासरे बाहेर आले. टेबल पाहिले, बायकोकडे पाहिले. "माझ्या फाटकाशी, तुदोरा? पत्रा?"

"हो."

ते कामाच्या खोलीत निघून गेले.

रुक्सांदामावशीने एक मग हातात घेऊन बोटाने वाजवला. "अगं बाई! कुंभाराच्या घरी भांडी संपली?"

"संपली नाहीत. देणार नाही. तुझ्या सुनेलाही सांग, आंबट काही आमच्या भांड्यात ठेवायचं नाही. का, ते ऐकायला उद्या ये, दोम्निका वाचून दाखवेल."

शेवटी पाच मग राहिले होते. आनिका आली तेव्हा सासूबाईंनी ते पुढे ओढले. "हे माझ्या चौघांचे," त्या म्हणाल्या. रस्त्यातून ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. बाप्तिस्मा न झालेल्यांच्या नावाने इथे कोणी देत नाही. दोन बायका थांबल्या. सासूबाईंनी चार नावे घेतली. राफिला. पान्तेलिमोन. दुसरा पान्तेलिमोन. सावेता. आनिका पांढरी पडली. तिने ही नावे कधी ऐकली नव्हती.

पाचव्या मगावर हात ठेवून त्यांनी मला विचारले, "काय ठरवलं होतंस?"

मी सांगितले, "इलिंका."

त्यांनी तो मग आनिकाच्या हातात दिला. "इलिंकासाठी. आणि तू यापुढे चाळणीला हात लावायचा नाहीस. तुझ्या सासूला मी बघते."

आनिकाने दोन्ही हातांनी मग धरला. "देव तिला क्षमा करो," ती म्हणाली. कशाबद्दल, हे माझ्या मनात आले, पण शब्द तसेच म्हणायचे असतात.

९ जून

सणाचे दिवस संपले. सासऱ्यांनी आज भट्टीची तयारी सुरू केली. ते माझ्याशी बोलत नाहीत. रागाने नव्हे, असे सांदू म्हणतो. त्यांनी रात्री पत्र्याच्या मगातून पाणी प्यायले, एवढे मी पाहिले.

दुसरी चकाकी मिळते, बाई म्हणतात, शिशाशिवाय, पण तिला भट्टी जास्त तापावी लागते आणि आमची तेवढी तापत नाही. नवी बांधीपर्यंत जुनीच. भांडी केली नाहीत तर हिवाळ्यात खायचे काय?

जेवणानंतर सासूबाई चाळणी आणि भुकटीचा डबा घेऊन मागच्या छपराकडे निघाल्या. मी आडवी गेले. म्हटले, तुमच्या रक्तात माझ्याहून जास्त आहे, बाईंनी बजावलेय, तुम्हालाही हे विषच आहे.

"ऐकलंय मी. तू सांगितलंस ना." त्यांनी डोक्याचा रुमाल सोडून नाकातोंडावर बांधला. नुसते डोळे दिसत होते. "कोणीतरी चाळायला हवी. माझ्या पोटात आता जाण्यासारखं काही राहिलं नाही. बाजूला हो, पोरी."

त्या आत गेल्या आणि दार लावून घेतले. मी बाहेर उभी राहिले. मग चाळणीचा आवाज सुरू झाला.